निरंक

सरकारी कागदावर रकाना रिकामा ठेवायचा नसतो. रिकामा दिसला की कागद वरून परत येतो, आणि परत आलेल्या कागदाइतकं जड या जगात काही नाही. म्हणून जिथे लिहायला काही नसतं तिथे आम्ही 'निरंक' लिहितो. तलाठी म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात शिकलेला हा शब्द. साथरोग : निरंक. जीवितहानी : निरंक. पशुहानी : निरंक. एरवी तो लिहिताना हाताला बरंच वाटतं, कारण बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते.

मी तो शब्द एका ठिकाणी खोटा लिहिला. खोटा म्हणजे नियमाने अगदी खरा. त्याचीच ही गोष्ट आहे.

११ फेब्रुवारी २०१८. रविवार होता. रिसोड-मालेगाव पट्ट्यात गारा पडल्या त्या लिंबाएवढ्या. मी वाशीमला घरी होतो आणि माझा फोन वाजायला लागला. पहिले दोन फोन गावातून आले, तिसरा वरून. प्राथमिक नजरअंदाज अहवाल संध्याकाळपर्यंत पाहिजे होता : किती हेक्टर, कोणतं पीक, ३३ टक्क्यांच्या वर की खाली. नजरेने पाहायच्या आधी नजरअंदाज कसा द्यायचा, हे मला कोणी शिकवलं नाही. सगळेच देत होते, मीही दिला.

त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, वाशीमचं नाव देशाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आलं होतं. महाराष्ट्रातले चारच : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आम्ही. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा वीस वर्षांचाही नव्हता. त्या यादीसाठी जे मोजायचं होतं त्यात घरोघरची वीज होती, पिण्याचं पाणी होतं. बैठकीत तक्ते वाटले गेले. आमच्या सजातल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या, तिन्ही गावांच्या पुढे विजेच्या रकान्यात जवळजवळ पूर्ण आकडा होता. तो खोटा नव्हता. मीटर खरंच भिंतीवर होते. 'सौभाग्य' योजनेची माणसं आदल्या सप्टेंबरनंतर गावोगाव फिरत होती आणि उरलेल्या घरांनाही लावत होती.

अहवाल देऊन मी गावात पोचलो तेव्हा फाट्यावर कोतवाल उभा होता. आमच्याकडे जुनी माणसं तलाठ्याला अजून पटवारी म्हणतात, आणि पटवारी आला की कोतवाल फाट्यावर असायचाच, असा रिवाज. डोक्यावर पोत्याची खोळ, पायात चिखलाने भरलेली चप्पल. मी विचारलं, दलित वस्तीत कसं आहे?

"काही नाई साहेब, दोन-तीन पत्रे गेले. आधी वावरं पाहून घ्या."

आम्ही वावरं पाहिली. हरभरा घाट्यात होता. घाटे फुटून दाणे चिखलात पेरल्यासारखे पडले होते, कोणी मुद्दाम पेरले असते तर इतके सारखे पडले नसते. गहू ओंबीसकट लोळला होता. कांद्याचं बियाणं घेणाऱ्यांचे गोंडे मोडून लोंबत होते. त्या पिकात एकरी पैसा बराच गुंततो, म्हणून त्या वावरात कोणी बोलतच नव्हतं. संत्र्याच्या बागेत मृग बहाराची फळं खाली, अर्धी चिरलेली, आणि सगळ्या शिवारात संत्र्याचा गोड वास. नुकसानीला इतका चांगला वास असू शकतो हे मला तेव्हा कळलं. निंबाखाली पोपट मरून पडले होते, चाळीस तरी असतील. त्यांचा रकाना नव्हता. ते कोणी विचारलंही नाही.

पंचनामा म्हणजे पंचांचा. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक अशी आमची तिघांची फेरी, आणि गावातले पंच. आता पंच कोण? जे घरी सापडतात ते, ज्यांच्या ओट्यावर बसायला जागा असते ते, जे चहा पाजतात ते, ज्यांना सही करता येते ते. त्या सजातल्या माझ्या नऊ वर्षांत पंचांची नावं चार-पाच घरांच्या बाहेर गेली नव्हती. हे मी ठरवून केलं नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच ते इतकं पक्कं झालं होतं.

तेव्हाचे दर पाठ होते. जिरायतीला हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीला १३,५००, बहुवार्षिक फळपिकाला १८,०००. मर्यादा दोन हेक्टर. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर पाहिजे. २०१५ च्या आधी ते ५० टक्के होतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली ती लांबलेली गारपीट ज्यांनी मोजली त्यांना विचारा, ४५ टक्के गेलेल्या शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहून 'बसत नाही' म्हणणं काय असतं ते. घराचेही दर होते. कच्च्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर ३,२०० रुपये. आता घर टक्क्यांत कसं मोजायचं? मी पत्रे मोजायचो. आठ पत्र्यांच्या घराचा एक पत्रा उडाला तर साडेबारा टक्के, नाही बसत. दोन उडाले तर पंचवीस, बसतं. दुसरा पत्रा जागेवर ठेवल्याबद्दल वाऱ्याला शिव्या देणारी एक म्हातारी मला भेटली होती. ती विनोदाने बोलत नव्हती.

वस्तीत मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. तिथे गेल्यावर कळलं की 'दोन-तीन पत्रे' हे कोतवालाच्याच घराचे होते, आणि ते सगळे होते. घराला एकूणच तीन पत्रे. त्याची बायको आणि सून समाजमंदिरात राहत होत्या. तो माझ्यासोबत दीड दिवस दुसऱ्यांची वावरं दाखवत फिरला आणि बोलला नाही. मी रागावलो, आधी सांगायचं नाही का? तो म्हणाला, "तुम्ही विचारलं तवा सांगतलं ना."

वस्तीतली बहुतेक घरं भूमिहीन. सातबारा नाही, म्हणून पिकाचं नुकसान नाही. सहा कुटुंबं गायरानाच्या कडेची जमीन दोन पिढ्या वाहत होती. त्यांच्या वावरात हरभरा होता आणि त्यावरही गारा पडल्या होत्या, गारांना सातबारा वाचता येत नाही. त्यांची नोंद माझ्याकडे होती, पण ती गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची वाट काढली होती. ती तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. त्याच्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासूनची तीस वर्षांची लढाई होती. पण वहीत पुरावा पाहिजे, दंडाच्या पावत्या पाहिजेत. यांच्यातल्या एकाची पावती होती, बाकीच्यांच्या बापांनी ती कधी घेतलीच नव्हती, किंवा दिली गेली नव्हती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हटलं, त्यावर राज्याचा निर्णय निघाला, आणि मग तर या विषयाचा कागद वर पाठवायची कोणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

आणि मजुरी. हरभऱ्याची सोंगणी पंधरा दिवसांवर आली होती, त्यामागून गव्हाची. वस्तीतल्या बायांचं वर्षाचं धान्य यातून निघतं : रोज मिळतो, शिवाय सोंगून झालेल्या वावरातला सरवा वेचायला मिळतो. शेतकऱ्याचं पीक गेलं तसा यांचा हंगाम गेला. फरक इतकाच की शेतकऱ्याच्या नुकसानीला हेक्टर आहे, यांच्या नुकसानीला कोणतंच माप नाही. मी समाजमंदिराच्या पायरीवर बसून प्रपत्र भरलं. वस्तीच्या नावापुढे, पीक नुकसान : निरंक.

मी लिहिलं तेव्हा एक बाई डोकावून पाहत होती. तिला वाचता येत होतं. "काय लिवलं?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. ते तर खरंच होतं.

आता विजेचं सांगतो, कारण पाण्याची गोष्ट विजेशिवाय सांगता येत नाही.

गारांनी तारेपेक्षा चिनी मातीचे इन्सुलेटर जास्त फोडले होते, आणि वाऱ्याने ११ केव्हीच्या लाइनचे खांब आडवे केले होते, सलग पाच-सहा. आमच्या भागाचा लाइनमन माझ्याच वयाचा. त्याच्याकडे किती गावं होती ते तोच जाणे. तो आणि एक कंत्राटी पोरगा, खांद्यावर दोर आणि खिशात फ्यूजची तार. मी त्याला म्हटलं, वस्तीची डीपी आधी करता येईल का, तिथे लोक समाजमंदिरात झोपलेत. तो खांबावरून उतरला, पाणी प्यायला आणि मला समजावून सांगितलं. ते समजावणं मी विसरलेलो नाही.

उपकेंद्राकडून सुरुवात करायची असते. परमिट घ्यायचं, एबी स्विच उघडायचा, पहिला टप्पा तपासायचा, चालू करायचा, मग पुढचा. मेन लाइन उभी राहिली की गावठाणाची डीपी, मग टॅपिंग, मग टॅपिंगवरची टॅपिंग. वस्तीची डीपी सगळ्यांत शेवटी, लाइनच्या शेपटाला. "आधी बैल जुपा लागते, मंग गाडी हालते साहेब. मागचं चाक फिरवून गाडी जाते काय?"

त्यात काही खोट नव्हती. तो कोणाची जात पाहून खांब उभे करत नव्हता, आणि त्या तीन दिवसांत तो माझ्यापेक्षा जास्त जागला होता. पण मी विचार करत राहिलो की शेपूट तिथेच का. लाइन ओढली तेव्हा ती रस्त्याने आली, गावठाणात आली, आणि गावठाणाच्या पल्याड, ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथे वस्ती शेकडो वर्षांपासून बसवलेली होती तिथे सगळ्यांत शेवटी पोचली. आराखडा काढणाऱ्याने अंतर मोजलं, दुसरं काही केलं नाही. गावाने जे अंतर ठेवलं होतं तेच तारेने मोजलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं आणि समता नगर, भीम नगर अशी नावं आली. चांगलं झालं. आमच्या कागदावर आता ते भीम नगर आहे. डीपी तिथेच आहे.

ग्रामीण भागात रोहित्र, म्हणजे डीपीतला ट्रान्सफॉर्मर, जळालं तर ते ४८ तासांत बदलायचं, असं वीज नियामक आयोगाच्या तेव्हाच्या नियमात होतं. मी हे नंतर वाचलं. पूर, वादळ, वीज पडणं अशा आपत्तीत ही मुदत लागू नसते, हेही त्यात होतं. ते बरोबरच वाटतं. वादळात कंपनीने तरी काय करावं? पण त्याच वेळी दुसरं एक घड्याळ चालू होतं. पीक विम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना शेतकऱ्याने ४८ तासांत द्यायची होती. फोन करून, बँकेत जाऊन, कृषी खात्याला कळवून, कशीही, पण ४८ तासांत. हे घड्याळ वादळाने थांबत नव्हतं. लाइन नाही, फोन बंद, टॉवरची बॅटरी पहिल्या रात्रीत संपली, रस्त्यावर बाभळी आडव्या. ज्या वादळाने तारेच्या मुदतीला माफी दिली त्याच वादळात शेतकऱ्याची मुदत टिकटिक करत होती.

आमच्या कृषी सहायकाने एक युक्ती केली. त्याच्या मोटारसायकलच्या बॅटरीला चार्जरची वायर लावून तो देवळापाशी बसला आणि एकेकाचा फोन पाच-पाच मिनिटं चार्ज करून दिला. रेंज मिळायला लोक टेकडीवर चढले. टेकडीवर पासबुकं आणि आधारकार्डं घेऊन उभी असलेली ती माणसं मला अजून दिसतात. दुरून जत्रेसारखं वाटत होतं. त्यांतल्या किती जणांची सूचना लागली आणि किती जणांची नाही, ते मला नक्की सांगता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ती मुदत ७२ तासांची झाली. कुठे तरी कोणीतरी ऐकलं म्हणायचं.

पण मी पाण्याचं सांगत होतो.

गावाला नळयोजना होती. तिची विहीर तळ्याच्या काठाला, मोटर शेतीच्या लाइनवर. लाइन गेली की टाकी नाही, टाकी नाही तर नळ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी झाली. फेब्रुवारी महिना, विहिरींना पाणी होतं, टंचाई म्हणावी अशी वेळ नव्हती. गावठाणातल्या बाया कळशा घेऊन वावरातल्या विहिरींवर गेल्या, कोणाच्या दिराच्या, कोणाच्या चुलत्याच्या. वस्तीतल्या बाया कुठे जातील?

गावात सार्वजनिक विहिरी दोन होत्या. नळ आल्यावर पंधरा वर्षांत एकीत कचरा गेला, दुसरीत गणपती विसर्जन करून-करून ती बुजत आली. हापशी एक, तिचा दांडा गेलेला. हे आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं आणि सांगायला हवं ते हेच आहे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह सार्वजनिक तळ्यासाठी होता. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी आणि तलाव आले ते सरकारी पैशाने राखलेले किंवा लोकांसाठी खुले केलेले. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा विहिरीबद्दल बोलतो तेव्हाही, जिथे बाकीच्या लोकांना पाणी घ्यायचा हक्क आहे तिथे कोणाला अडवता येणार नाही, असं बोलतो. हा हक्क मिळवायला किती माणसांनी मार खाल्ला! आणि तो ज्या विहिरीला चिकटलेला होता ती विहीर आम्ही नळ आल्याच्या आनंदात कचऱ्याने भरून टाकली. उरल्या त्या वावरातल्या, खाजगी. तिथे मालकाची मर्जी. तिथे कोणी जात काढत नाही. म्हणतात, "लाइन नाई ना बाई, मोटर कशी लावू?" आणि बादली-दोराचा विषय कोणी काढत नाही, ना मालक, ना बाई.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी त्याच विहिरीच्या धुऱ्यावर पंचनाम्याचा फोटो घेत उभा होतो. मालक पंच होता. दोन बाया आल्या, ऐकलं, रिकाम्या कळशा घेऊन परत गेल्या. मी मान खाली घालून हरभऱ्याची टक्केवारी लिहीत राहिलो. मध्ये बोललो असतो तर काय झालं असतं? बहुतेक पाणी मिळालं असतं, कारण पंचनामा माझ्या हातात होता. तेवढंच माझ्याकडे होतं आणि तेवढंही मी वापरलं नाही.

आमच्या जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वरला, २०१६ च्या उन्हाळ्यात काय झालं ते तेव्हा देशभर छापून आलं होतं. एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं, अपमान केला. त्याने जागा पाहिली आणि खणायला लागला. दिवसाची मजुरी सांभाळून रोज सहा तास, एकटा. आसपासच्या विहिरी आटलेल्या, लोक हसले, घरचेही मदतीला आले नाहीत. चाळीस दिवसांनी पाणी लागलं, आणि ते त्याने सगळ्या वस्तीला खुलं केलं. ज्याने पाणी नाकारलं त्याचं नाव मात्र त्याने पत्रकारांना सांगितलं नाही, गावात भांडण नको म्हणून. तेव्हा ती बातमी मी कौतुकाने वाचली होती आणि कोतवालालाही वाचून दाखवली होती. तो काही बोलला नव्हता. दोन वर्षांनी त्या धुऱ्यावर उभं असताना मला त्याचं ते न बोलणं आठवलं.

वस्तीत लाइन आली ती चौथ्या रात्री. त्या दिवशी मी उशीर झाला म्हणून शाळेत झोपलो होतो. दोन वाजून गेले असतील. आधी टाकीकडून मोटरचा आवाज आला, मग सगळीकडे ओरडा, आणि मग नळाच्या तोंडाशी भांड्यांचा खणखणाट. रात्री दोन वाजता बाया रांगेत उभ्या होत्या आणि हसत होत्या. चक्कीवाल्याने चक्की सुरू केली. तीन दिवस कोणाकडे पीठ नव्हतं हे मला तेव्हा कळलं. वस्तीतल्या लोकांनी रेशनचे गहू भाजून, भिजवून खाल्ले होते. समाजमंदिरात बाबासाहेबांच्या तसबिरीवरचा दिवा लागला. ते १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि देशाच्या विजेचं धोरण त्यांच्याच खात्यात आखलं जात होतं, ही गोष्ट मला त्याच वस्तीतल्या एका शिक्षकाने नंतर एका जयंतीला सांगितली. मी तोवर त्यांना घटनेपुरतंच ओळखत होतो. वीज हा त्यांचा विषय होता, आणि त्यांच्या नावाने २०२१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत, घेऊन वीजजोडणी द्यायची जीवनप्रकाश योजना आली. वस्तीत राहिलेली तीन घरं त्यात बसली. मीटर लागले. शेपटाला आणखी तीन घरं.

पंचनाम्याचं अंतिम प्रपत्र पाठवताना मी शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या. वस्तीतील मजूर कुटुंबांचा सोंगणी हंगाम गेला आहे. गायरानावरील सहा कुटुंबांचा हरभरा पूर्ण नष्ट. तीन दिवस पिण्याचे पाणी नव्हते. 'निरंक' खोडलं नाही, ते खोडायचा मला अधिकार नव्हता. आठ दिवसांनी प्रपत्र परत आलं, शेऱ्यातील अनावश्यक मजकूर वगळून सादर करावे. मी वगळून सादर केलं. असं होणार हे मी धरूनच चाललो होतो. तरी ती पहिली प्रत माझ्याकडे आहे, कार्बनची, आता निळी अक्षरं पुसट झालीत.

कोतवालाच्या घराचे पत्रे मात्र मी पूर्ण लावले. तिन्ही गेले होते, शंभर टक्के. पंच म्हणून मी त्याच वस्तीतल्या दोघांच्या सह्या घेतल्या. त्यातली एक सही, मला डोकावून विचारणाऱ्या त्या बाईची.

नोकरीतला माझा शेवटचा मोठा गारपीट-पाऊस २०२३ चा. मार्चमध्ये झाला, एप्रिलमध्येही थांबला नाही. ९ एप्रिलला शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला देवस्थानात पत्र्याच्या शेडवर निंबाचं झाड पडून सात जण गेले. पारस, म्हणजे औष्णिक वीज केंद्राचं गाव, जिथून आमच्यासारख्यांकडे लाइन येते. त्या आठवड्यात आमच्याकडे पुन्हा अंधार होता. दर वाढून जिरायतीला हेक्टरी ८,५०० झाले होते. ई-पीक पाहणी येऊन दीड वर्ष झालं होतं, शेतकरी आपलं पीक स्वतःच मोबाइलवर नोंदवत होता, आणि पंचनाम्याचे फोटोही मोबाइलवरच. गायरानावरची सहा कुटुंबं मोबाइलमध्येही सापडत नव्हती.

पण मधल्या काळात वस्तीला एक गोष्ट मिळाली होती : सौर दुहेरी पंप. बोअर जुन्या हापशीचाच, वर छोटी टाकी, उन्हाने मोटर चालते आणि ऊन नसेल तेव्हा हातानेही हापसता येतं. लाइनशी संबंध नाही. सरकारी पैशाचा, सार्वजनिक. गावठाणाची नळयोजना मात्र तीच, तळ्याच्या काठची.

लाइन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर वस्तीच्या पंपावर रांग होती. अर्धी रांग गावठाणातली. सगळी नाही, ते सांगायला पाहिजे. काही घरांनी पोरांच्या हाती कॅन देऊन पाठवले होते आणि स्वतः वळणावर थांबले होते. दोन-तीन घरांनी ट्रॅक्टरने लांबच्या वावरातून पाणी आणलं, डिझेल जाळून. ज्या विहिरीच्या धुऱ्यावर मी उभा राहिलो होतो तिच्या मालकाची सून मात्र स्वतः कळशी घेऊन आली होती, आणि मधल्या जागी उभी होती, ना पुढे ना मागे. वस्तीतल्या बाया हापसत होत्या. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. ऊन आलं तशी मोटर सुरू झाली आणि हापसायचं थांबलं.

कोतवाल आता बराच थकलेला. तो माझ्या बाजूला उभा राहून बराच वेळ रांगेकडे पाहत होता. मग म्हणाला, "साहेब, हे कुठी लिवसान?"

मी मोबाइल उघडला. खाली-वर सरकवून पाहिलं. नव्या ॲपमध्ये शेऱ्याचा रकानाच नव्हता.